कुठल्याच शाळेचा नसलेला सापळा

१

सापळा पहिल्यांदा पाहिला तो कालव्याच्या राखणदाराने. सकाळी पाणी सोडायला म्हणून तो दारापाशी वाकला, तर लोखंडी जाळीच्या पलीकडून एक कवटी दात विचकून त्याच्याकडेच पाहत होती. तो जो पळत सुटला तो थेट पोलीस चौकीच्या पायरीवर येऊन बसला. 'मढं, मढं' याखेरीज त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

फौजदारबाई तेव्हा नुकत्याच चौकीत आल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे उभ्याच होत्या. एका जागी त्यांना बसवत नसे. चहाही फेऱ्या मारत प्यायच्या. चौकीतले शिपाई पाठीमागे त्यांना भिंगरी म्हणायचे, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. राखणदाराचं ऐकून त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला तो तिथेच निवून गेला.

त्या पोहोचेपर्यंत कालव्यावर ही गर्दी जमली होती. कुणी म्हणत होतं खून, कुणी म्हणत होतं जीव दिला. डॉक्टर आले, गुडघ्यावर बसले, बरगडीवर टिचकी मारली आणि हसायलाच लागले.

"बाई, याचं पोस्टमॉर्टेम मी करणार नाही. प्लॅस्टिकचा आहे हा. शाळेत शिकवायला असतो ना, तसला. ही बघा, कवटीत टांगायची कडी."

गर्दी हिरमुसली. एक आजोबा तर चक्क चिडले, इतक्या सकाळी अंथरुणातून उठवलं म्हणून. हळूहळू सगळे पांगले. फौजदारबाई मात्र वाकून बघत राहिल्या.

सापळा वाहत येऊन जाळीला अडकला नव्हता. कुणीतरी तो जाळीला बांधला होता. कापडाची रुंद पट्टी बरगड्यांतून ओवून जाळीच्या गजाभोवती घेतली होती आणि वर चपटी, घट्ट गाठ मारली होती. रात्रभर पाण्यात राहूनही ती तसूभर सैल झाली नव्हती. ही गाठ आपण कुठेतरी पाहिली आहे, असं त्यांना वाटलं. कुठे, ते आठवेना. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी ती गाठ त्यांच्या मनात अडकून बसली.

दुसरी गोष्ट कवटीच्या मागच्या बाजूला होती. तिथे चिकटवलेल्या कागदाचे डाग होते, एकावर एक. कागद चिकटवायचा, खरवडायचा, पुन्हा दुसरा चिकटवायचा, असं बरेचदा झालेलं दिसत होतं.

त्यांनी तिथूनच शिक्षण कार्यालयातल्या मुख्य अधिकाऱ्यांच्या घरी फोन लावला. साहेब नुकतेच उठलेले असावेत, आवाज जड होता.

"साहेब, एखाद्या शाळेतून सापळा हरवलाय का? कालव्यात सापडलाय एक."

"छे, छे. शहरातल्या पाचही सरकारी शाळांचे सापळे जागच्या जागी आहेत. कुठल्याच शाळेचा नाही तो."

फोन ठेवल्यावर फौजदारबाईंनी पुलावर दोन फेऱ्या मारल्या. शाळा उघडायला अजून बराच अवकाश होता. मग साहेबांनी कुणालाही न विचारता पाचही शाळांचं उत्तर दिलं कसं?

२

शिक्षण कार्यालयात सगळे मुख्य अधिकाऱ्यांना तुलनासाहेब म्हणत. कारण त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक भलंमोठं कोष्टक होतं आणि त्या कोष्टकाचा त्यांना स्वतःच्या पोरापेक्षा जास्त लळा होता. आडव्या ओळीत पाच शाळा. वरच्या भागात साधनं: मायक्रोस्कोप, तराजू, पृथ्वीचा गोल, सापळा. खालच्या भागात निकाल.

"बघा," साहेब छडी फिरवत म्हणाले. "साधनांच्या रकान्यात पाचही शाळांत बरोबरची खूण. ही समानता आणायला मी काय खस्ता खाल्ल्यात ते माझं मला माहीत. बाहेरच्या समितीने प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन बघितलंय. आता निकाल बघा. टेकडीवरची शाळा पहिली. बाजारातली मधे. आणि ही कालव्याकाठची, विज्ञानात तळाला. साधनं सारखी, पुस्तकं सारखी, मग दोष कुणाचा?"

"तुम्हीच सांगा."

"शिकवणाऱ्यांचा! दुसरं काय उरलं? सोमवारी समितीची सभा आहे. कालव्याकाठची शाळा बंद होणार. मुलं बाजारातल्या शाळेत जातील, आणि विज्ञानाच्या बाई घरी."

फौजदारबाईंनी खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला. कालव्याकाठच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, त्यांची सख्खी वहिनी. नणंद-भावजयीचं भांडण कधी झालं नव्हतं, पण विशेष सूतही नव्हतं. एकमेकींशी त्या बोलायच्या ते दरवाजात उभं राहून, चपला घालता घालता.

"मुलांना बाजारातल्या शाळेत जायला तो मोठा रस्ता ओलांडावा लागेल," त्या म्हणाल्या.

"लागेल. मुलं शिकतात ओलांडायला." साहेबांनी छडी खाली ठेवली. "बाई, तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या मढ्याचं इतकं काय घेऊन बसलात? कुणाचा तरी टारगटपणा. तरी खात्री करायची असेल तर खुशाल शाळा बघा. फक्त जाण्याआधी शाळेला फोन करत जा. अचानक पोलीस दिसले की मुलं बिचकतात."

फोन करून चोराच्या घरी गेलेला पोलीस आजवर कुणी पाहिला आहे का, असं फौजदारबाईंच्या ओठावर आलं होतं. पण त्या नुसतंच "बरं" म्हणाल्या. साहेबांची अट पाळूनच बघू या, काय होतं ते.

३

बाजारातल्या शाळेला त्यांनी सकाळी फोन केला. दुपारनंतर या, असं उत्तर आलं.

तिथले हेडमास्तर गोड बोलणारे होते. इतके गोड, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. त्यांनी प्रयोगशाळेचं कुलूप स्वतः उघडलं. टेबलावर ओळीने मायक्रोस्कोप मांडलेले, तराजू चकचकीत, पृथ्वीचा गोल खिडकीशी.

"मुलं वापरतात का हे?"

"वापरतात तर! नुसती झुंबड असते."

फौजदारबाई बोलता बोलता टेबलाभोवती फिरत होत्या. फिरता फिरता त्यांनी एक मायक्रोस्कोप सहज उचलला. टेबलावर धूळ होतीच, पण मायक्रोस्कोपच्या बुडाखालीही तेवढीच धूळ होती. वस्तू कायम एका जागी असली की तिच्याखालची जागा स्वच्छ राहते, आजूबाजूला धूळ बसते, हे घर झाडणाऱ्या कुणालाही कळतं. हा मायक्रोस्कोप धुळीवर ठेवला होता. आणि तोही थोड्या वेळापूर्वी.

"सापळा कुठाय?"

"सापळा?" हेडमास्तरांच्या आवाजातली साखर जराशी विरघळली. "तो ना, रंग द्यायला गेलाय. आला की कळवतो तुम्हाला."

तिथून त्या टेकडीवरच्या शाळेत गेल्या. इथे फोन केला तेव्हा 'केव्हाही या' असं उत्तर मिळालं होतं. ही प्रयोगशाळा पाहताच फरक कळत होता. टेबलांवर डाग, कपाटाला पोरांनी कोरलेली नावं, एका बाकावर तुटकी परीक्षानळी. कोपऱ्यात काचेच्या कपाटात सापळा, आणि त्याच्या गळ्यात कुणीतरी शाळेचा टाय बांधलेला.

शाळेच्या मुख्याध्यापिका उंच, ताठ आणि तुटक बोलणाऱ्या होत्या.

"हे सगळं आमच्या पालकांनी दिलेलं. समान साधन योजना यायच्या कितीतरी आधी."

"मग योजनेतून तुम्हाला काय आलं?"

"आम्हाला गरज नव्हती," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"इतर शाळांना आलं?"

"दुसऱ्याच्या ताटात किती वाढलंय ते मी बघत नाही, फौजदारबाई. मला माझी शाळा चालवायचीय."

शिपायाने हाक मारली म्हणून त्या दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात फौजदारबाईंनी गणवेशाची एक टाचणी काढली आणि कपाट उघडून सापळ्याच्या जबड्यात, आतल्या बाजूला, खोचून ठेवली. मग मुकाट्याने जिना उतरल्या.

दुसरा दिवस त्यांनी चौकीत येरझारा घालण्यात काढला. पोलीस खात्यातल्या मोठ्या साहेबांनी बोलावून सुनावलं, "सापळ्याच्या खुनाचा तपास करताय म्हणे? लोक हसताहेत." तिसऱ्या दिवशी बाजारातल्या शाळेतून फोन आला. सापळा रंगून आलाय, बघून जा.

त्या गेल्या. प्रयोगशाळेच्या मधोमध सापळा टांगलेला होता. कवटीच्या मागे कोरा करकरीत कागद चिकटवलेला: बाजारातल्या शाळेचं नाव.

"छान रंगवलाय," म्हणत फौजदारबाईंनी त्याचा जबडा उघडला आणि आत बोट फिरवलं.

टाचणी बोटाला टोचली.

४

आता सगळं चित्र दिसत होतं, एक कोपरा सोडून. एकच संच शाळाशाळांतून फिरत होता. समिती ज्या शाळेत जाणार, त्या शाळेत आदल्या दिवशी गाडी यायची, कागद बदलायचे, वस्तू मांडायच्या. त्या फिरत्या संचातला सापळा कालव्यात गेला. मग फौजदारबाईंना दाखवण्यासाठी टेकडीवरच्या शाळेचा स्वतःचा सापळा घाईघाईने उतरवावा लागला.

पण पहिला सापळा कालव्यात टाकला कुणी? साहेबांनी? त्यांना तर तो हवा होता. टेकडीवरच्या बाईंनी? त्यांच्या मनाला खात होतं खरं, पण त्यांचा त्या सापळ्याशी संबंध काय? आणि टाकला तर टाकला, जाळीला बांधला कशाला? ज्याला लपवायचं असतं तो दगड बांधून तळाला सोडतो. हा तर राखणदार रोज वाकतो नेमक्या त्या जागी, तोंड वर करून बांधलेला.

कालव्याकाठची शाळा त्यांनी शेवटी ठेवली होती. का, ते त्यांना चांगलं कळत होतं. शाळेत जाण्याआधी आईला भेटून येऊ, असं स्वतःला सांगत त्या भावाच्या घरी गेल्या.

भाऊ कामावर, वहिनी शाळेत. आई खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"बस की जरा. आल्यापासून नुसती भिरभिरतेयस."

"बसते." त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "खाट हलत नाही का गं आता? मागच्या वेळी बसले तर कुरकुरत होती."

"पाय तडकला होता. बांधून घेतला."

फौजदारबाईंनी खाली वाकून पाहिलं. खाटेच्या तडकलेल्या पायाला कापडाची रुंद पट्टी गुंडाळली होती, आणि तिच्यावर चपटी, घट्ट गाठ होती.

"आई, ही गाठ कुणी मारली?"

"आणखी कोण मारणार? तुझी वहिनी. शाळेत पोरांना प्रथमोपचार शिकवते ना, त्यातली गाठ आहे म्हणे. ओली झाली तरी सुटत नाही." आईने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "का गं? अशी काय बघतेस?"

५

शाळा सुटली होती. कालव्याकाठच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे चार भिंती आणि फळ्यांची कपाटं. फळ्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या: मायक्रोस्कोप, तराजू, पृथ्वीचा गोल. चिठ्ठ्यांच्या वर काहीच नव्हतं. खिडकीतून मागची पडकी भिंत दिसत होती आणि भिंतीपलीकडे कालव्याचं पाणी.

वहिनी फळा पुसत होत्या. नणंदेला दारात पाहून त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"उशीर केलात, वन्सं. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी याल."

"सापळा तुम्ही टाकलात."

"टाकला नाही. बांधला."

"का?"

वहिनींनी हात झटकले. खडूची पांढरी पूड उन्हात उडाली.

"समिती यायच्या आदल्या दिवशी गाडी आली. मायक्रोस्कोप मांडले. मुलं खिडकीला नाकं लावून बघत होती. हेडसरांनी खोलीला कुलूप घातलं, मुलांनी हात लावला तर ओरखडे पडतील म्हणून. समितीसाठी कुलूप निघालं, ती बघून गेली. मी हेडसरांना म्हटलं, एक दिवस राहू द्या हो. एकच दिवस. एकेका मुलाला एकदा डोळा लावू दे. तर म्हणाले, सकाळी गाडी येणार. मागच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आमच्या मुलांना टेकडीवर नेलं होतं. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिने मायक्रोस्कोप आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो परीक्षेत. उलट्या बाजूने डोळा लावला तिने. सगळे हसले. तिने पेपर अर्धा टाकला आणि बाहेर येऊन बसली. त्या कोष्टकात तिचे गुण आहेत, बरं का. माझ्या शिकवण्याचा पुरावा म्हणून."

"तक्रार करायची."

"केली. हेडसरांकडे केली, कार्यालयात केली. जिचा निकाल तळाला ती बाई साधनं नाहीत म्हणते, यावर कोण विश्वास ठेवणार?" वहिनींनी सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्याकडेही केली होती. आईंच्या खोलीत, सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले. मीसुद्धा हसले."

फौजदारबाईंना ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं हेच जास्त लागलं. त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"या भागात पोलीस यायचे तर मढं सापडावं लागतं," वहिनी म्हणाल्या. "कालवा तुमच्या चौकीच्या हद्दीत. म्हटलं, जित्या माणसाचं नाही ऐकलंत, मेलेल्याचं तरी ऐकाल. अंधार पडता पडता चादरीत गुंडाळून नेला. भिंतीपलीकडे तर जायचं."

"वहिनी, सरकारी वस्तू आहे ती. गुन्हा आहे हा."

"माहीत आहे."

"सोमवारच्या सभेत मला सगळं सांगावं लागेल. सगळं म्हणजे सगळं. तुमचं नाव गाळता येणार नाही मला."

"गाळा असं मी म्हटलं का?" वहिनींनी फडकं पुन्हा उचललं. "पण एक विचारते. ते सिद्ध कसं करणार? तुम्ही फोन केलात की त्यांची गाडी निघते. टाचणीचं सांगितलंत तर म्हणतील, तुम्हीच खोचली तिथे. झाकली मूठ आहे त्यांची, आणि उघडायला गेलं की ती दुसऱ्या शाळेत पोचलेली असते."

फौजदारबाई चालायच्या थांबल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच एका जागी उभ्या होत्या.

६

सोमवारी शिक्षण कार्यालयाच्या सभागृहात समिती बसली. अध्यक्षपदी एक म्हाताऱ्या प्राध्यापक बाई होत्या, कानाने जरा कमी, पण नजरेने तेज. पाचही शाळांचे मुख्याध्यापक एका ओळीत, मागे शिक्षक. वहिनी शेवटच्या रांगेत. तुलनासाहेबांनी कोष्टक भिंतीवर लावलं आणि घसा साफ केला. त्याच वेळी फौजदारबाई आत आल्या.

"अध्यक्षबाई, मतदानाआधी मला थोडं बोलायचंय. कालव्यात सापडलेल्या सापळ्याबद्दल."

साहेब हसले. "तो विनोद अजून चालू आहे का?"

"चालू आहे. साहेब, सापळा सापडला त्या सकाळी मी तुम्हाला फोन केला, तेव्हा शाळा उघडल्याही नव्हत्या. तरी तुम्ही लगेच म्हणालात, पाचही जागच्या जागी आहेत. चौकशी न करता कसं कळलं?"

"माझं माझ्या शाळांवर लक्ष असतं."

"असेल. मग सोपंच झालं." त्या अध्यक्षबाईंकडे वळल्या आणि आवाज चढवला. "बाई, तुम्ही प्रत्येक शाळेत जाऊन सापळा पाहिलात. वेगवेगळ्या दिवशी, आणि आधी कळवून. बरोबर?"

"बरोबर. पाचही ठिकाणी होता."

"आज ते पाचही एकदम बघा. आत्ता. प्रत्येक मुख्याध्यापकाने इथूनच शाळेत फोन करावा आणि सापळा रिक्षात घालून इकडे पाठवायला सांगावं. माझा एकेक शिपाई प्रत्येक शाळेच्या फाटकात उभा आहे, रस्त्यात कुठे हरवायला नको. पाचही आले, तर मी सगळ्यांची माफी मागून घरी जाईन."

बाजारातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. कालव्याकाठचे हेडसर चप्पल घालतात की काय अशा रीतीने पायांकडे बघत बसले.

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब उसळले. "मुलांचा अभ्यास बुडवून—"

"फोन करा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

कुणीच हललं नाही. शेवटी टेकडीवरच्या मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. त्यांनी फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि पुन्हा खाली बसल्या नाहीत.

"माझा येईल," त्या म्हणाल्या. "तेवढाच येईल. वाट बघण्यात अर्थ नाही. बाकी शाळांना काहीही आलेलं नाही. नमुन्याचा म्हणून एक संच आला होता, तोच फिरत असतो. गेल्या आठवड्यात त्यातला सापळा गेला, तर माझा दोन दिवसांसाठी न्यायला गाडी आली. मी दिला. देताना मला लाज वाटली, पण दिला."

फौजदारबाईंनी मग एकेक सांगितलं: कवटीवरचे एकावर एक कागदांचे डाग, धुळीवर ठेवलेला मायक्रोस्कोप, जबड्यातली टाचणी. साहेबांचा चेहरा आधी लाल, मग पिवळा पडत गेला. त्यांनी पैसे खाल्ले नव्हते. त्यांनी खाल्ला होता तो शब्द. सामान यायच्या आधीच त्यांनी 'सर्व शाळा समान' असं जाहीर करून टाकलं होतं. हार गळ्यात पडले होते. सामान आलंच नाही, आणि हार काही काढता आले नाहीत.

"येणारच होतं हो," ते पुटपुटले. "आज ना उद्या येणारच होतं. मी फक्त थोडं आधी..."

"आणि या कोष्टकावर तुम्ही शाळा बंद करायला निघालात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ज्या मुलांच्या हाती काही दिलंच नाही, त्यांना विचारलंत, का जमलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "फौजदारबाई, एक राहिलंच. सापळा कालव्यात गेला कसा?"

फौजदारबाईंनी तोंड उघडलं. पण त्याआधीच मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

"मी नेला," वहिनी म्हणाल्या.

बुडत्याला काडी सापडावी तसे साहेब उठले. "बघा! सरकारी मालमत्तेची नासधूस! फौजदारबाई, अटक करा यांना. की घरचं माणूस म्हणून सोडणार?"

"नाही सोडणार." फौजदारबाईंनी खिशातून पेन काढलं. "तक्रार कोण देतंय? वस्तू ज्याची त्यानेच द्यावी लागते. कुठल्या शाळेचा सापळा गेला ते सांगा, लिहून घेते."

साहेबांनी बाजारातल्या हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं.

"तुमच्या कोष्टकात तर पाचही जागेवर आहेत," फौजदारबाई म्हणाल्या. "सहावा होता असं लिहून देता का, साहेब? सही करून? तो कुठे कुठे फिरायचा तेही लिहावं लागेल."

साहेब उभे होते ते हळूहळू खाली बसले. फौजदारबाईंनी पेन मिटून खिशात घातलं.

७

वहिनी अगदीच सुटल्या असं नाही. कार्यालयाने ताकीद दिली, आणि एक महिना त्यांना वर्ग दिला नाही. घरात भावाने आठवडाभर अबोला धरला, बायकोशीही आणि बहिणीशीही. आईचं म्हणणं एवढंच, की चादर कुठली नेली होती ते आधी सांगा. साहेबांची बदली झाली. कालव्याकाठची शाळा राहिली.

अध्यक्षबाईंनी ठरवलं, की आधी साधनं द्यायची, मुलांना ती पुरेसा काळ वापरू द्यायची आणि मगच परीक्षा पुन्हा घ्यायची. सामान आलं. परीक्षा झाली. कालव्याकाठची शाळा पहिली काही आली नाही. मधोमध कुठेतरी आली. टेकडीवरची शाळा पुन्हा पहिलीच. त्यावरून वहिनींनी स्वतःच्याच वर्गाला चांगलं फैलावर घेतलं म्हणे: आता कुठलं अंगण वाकडं ते सांगा.

निकालानंतर काही दिवसांनी फौजदारबाई शाळेत गेल्या. आधी फोन केला नव्हता.

प्रयोगशाळेतून नुसता कलकलाट ऐकू येत होता. मुलांनी कालव्याचं पाणी बाटलीतून आणलं होतं आणि त्यातला एक थेंब काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली सरकवला होता. त्यात काहीतरी वळवळत होतं. ज्याचा डोळा लागे तो किंचाळे आणि मागे उभी असलेली सगळी रांग एक पाऊल पुढे सरके. एक सडपातळ मुलगी भिंगाशी उभी राहून प्रत्येकाला डोळा कुठे लावायचा ते दाखवत होती. वरून, वरून, असं ती दर वेळी न कंटाळता सांगत होती.

फौजदारबाई सरळ टेबलापाशी गेल्या.

"वन्सं," वहिनी टेबलामागून म्हणाल्या, "रांगेत उभ्या राहा."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. फौजदारबाईंनी टोपी काढून काखेत धरली आणि शेवटच्या मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. रांग लांब होती. त्या या पायावरून त्या पायावर झाल्या, घड्याळ बघितलं, मान उंच करून पुढे काय चाललंय ते पाहिलं. तेवढ्यात त्यांच्याही मागे कुणी येऊन उभं राहिलं होतं, आणि त्याने पाठीत हळूच ढोसलं.

"ओ बाई, सरका ना पुढे. आमचा नंबर यायचाय अजून."

फौजदारबाई पुढे सरकल्या.